सायकल अंगाला बसवायची कशी: सीटपासून हँडलपर्यंत

नवी सायकल घरी आली की महिन्याभरात तक्रारी सुरू होतात. बूड दुखतं, हाताच्या बोटांना मुंग्या येतात, मान आखडते, जिना उतरताना गुडघा बोलायला लागतो. मग खरेदी होते: बुडासाठी जेलचं कव्हर, हातांसाठी जाड ग्लोव्हज, गुडघ्यासाठी नी-कॅप. पैसे जातात आणि दुखणं राहतंच, कारण सायकलवर जिथं दुखतं तिथंच बिघाड असतो असं नाही. तळहात दुखतात तेव्हा दोष बऱ्याचदा सीटच्या कलाचा असतो. मान आखडते तेव्हा हँडल सीटपासून लांब असतं.

म्हणून हे काम क्रमाने करायचं. आधी सीटची उंची, मग सीट पुढे-मागे, मग तिचा कल आणि सगळ्यात शेवटी हँडल. हा क्रम उलटा केला तर एक दुरुस्त करताना दुसरं बिघडतं आणि आपण गोल गोल फिरत राहतो.

खालचं सगळं मुख्यतः सरळ हँडलच्या हायब्रिड (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या) आणि एमटीबी (माउंटन बाइक) सायकलींसाठी आहे. ठाण्या-नवी मुंबईत सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये त्याच जास्त दिसतात. वाकड्या हँडलची रोड बाइक असेल तरी सीटचा भाग तसाच्या तसा लागू पडतो.

काय काय हाताशी हवं

- ४, ५ आणि ६ मिमीच्या एलन की (षटकोनी चाव्या). नव्या सायकलीचं जवळजवळ सगळं काम यांच्यावर होतं.
- १३ आणि १४ चा पाना. स्वस्त किंवा जुन्या सायकलीत सीटखालचा नट बहुधा यातल्याच एकाने फिरतो.
- मेजपट्टी, एक जाड पुस्तक, इलेक्ट्रिकल टेप, मार्कर.
- ओळंबा. गवंड्याचा मिळाला तर उत्तम, नाहीतर दोऱ्याला बांधलेला जड नट.
- ग्रीसची छोटी डबी आणि फडकं.
- सायकलीबरोबर आलेली पुस्तिका. कुठला बोल्ट किती आवळायचा ते तिच्यात असतं. फ्रेम किंवा सीटपोस्ट (सीटखालची दांडी) कार्बनची असेल तर ती वाचल्याशिवाय पाना लावू नका.
- रोज जे घालून चालवता ते बूट. अनवाणी किंवा स्लिपरवर माप घेतलं आणि जाड तळाच्या बुटात चालवलं, तर एक-दोन सेंटिमीटर तिथंच चुकतात.
- सायकल धरायला एक माणूस. भिंतीला टेकवूनही जमतं, पण मागून तुमची कंबर बघायला कुणीतरी लागतंच.

१. आहे तसं मोजून लिहून ठेवा

पाना उचलायच्या आधी तीन मापं लिहा. पहिलं, क्रँक म्हणजे पायडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीटच्या नळीला धरून. दुसरं, सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंत. तिसरं, जमिनीपासून हँडलची उंची. सीटपोस्ट फ्रेममध्ये जिथं शिरते तिथं टेपचा एक वेढा द्या आणि बाजूने एक फोटो काढा. नवं माप मानवलं नाही तर परत जायला वाट राहते.

टायरमधली हवाही आत्ताच बघा. किती पीएसआय (हवेचा दाब) चालेल याचा पट्टा टायरच्या बाजूला छापलेला असतो. दुकानात पुष्कळदा हवा ठणठणीत भरून देतात. मग पेव्हर ब्लॉकवर आणि उड्डाणपुलांच्या सांध्यांवर प्रत्येक हिसका थेट मनगटात येतो. वजन कमी असेल तर पट्ट्याच्या खालच्या बाजूला राहा, जास्त असेल तर वरच्या.

२. फ्रेम तरी आपल्या मापाची आहे ना?

सायकल दोन पायांत घेऊन, पाय जमिनीवर सपाट टेकवून उभे राहा. वरची नळी आणि जांघ यांच्यात दोन ते पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी, एमटीबीत त्याहून थोडी जास्त. नळी टेकत असेल तर फ्रेम मोठी आहे आणि ते कुठल्याही पान्याने दुरुस्त होत नाही. शेजाऱ्याची वापरलेली सायकल स्वस्तात मिळतेय म्हणून घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी एवढं एक बघावं.

३. सीटची उंची

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. बहुतेकांची सीट खाली असते आणि त्याचं कारण भीती. सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत असं आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं आहे. तशा उंचीवर गुडघा कधीच मोकळा होत नाही. तो प्रत्येक फेरीत जास्त वाकतो, वाटीवर दाब येतो आणि उपवनहून येऊरच्या चढाला लागलात की दहा मिनिटांत गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ येते.

सोपी पद्धत टाचेची. कुणाला तरी सायकल धरायला सांगा, सीटवर नीट बसा, एक पायडल पार खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा, पण त्यासाठी कंबर एका बाजूला कलता कामा नये. टाच पोचत नसेल तर सीट वर आहे. टाच टेकूनही गुडघा वाकलेला राहत असेल तर सीट खाली आहे. हे जमलं की चवडा पायडलवर ठेवल्यावर गुडघ्याला आपोआप थोडासा वाक राहतो. मोजायचाच असेल तर सायकल थांबलेली असताना खालच्या टोकाला तो २५ ते ३५ अंश असावा.

दुसरी पद्धत आकड्यांची. भिंतीला पाठ लावून, इथं मात्र अनवाणी, उभे राहा, पुस्तक दोन पायांच्या मध्ये सीटसारखं घट्ट वर दाबा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. या मापाला ०.८८३ ने गुणा. जे येईल ते क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंतचं अंतर. माप ७८ सेंटिमीटर आलं तर सीट साधारण ६८.९ सेंटिमीटरवर. हा आकडा रोड रेसिंगमधून आला आहे. रोजच्या चालवण्याला कित्येकांना तो थोडा उंच वाटतो, म्हणून मी टाचेच्या पद्धतीला वरचढ मानतो. दोन्हींत एक सेंटिमीटरपर्यंत फरक आला तर खालचा आकडा घ्या.

आता कुणाला तरी मागून बघायला सांगा आणि पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. कंबर डावी-उजवी डुलत असेल तर सीट वर गेलीय. पाच मिलिमीटर खाली घ्या.

*थांबायचं कसं?* नवी उंची लावली की पहिला प्रश्न हाच येतो. सीटवर बसून थांबायचंच नसतं. ब्रेक दाबायला लागा, एक पायडल खाली ठेवून त्यावर वजन घ्या, सीटवरून पुढे सरका, नळीच्या वर या आणि दुसरा पाय टेकवा. आपल्याकडे डावा पाय टेकवायची सवय लावा, म्हणजे रहदारीच्या बाजूला कलणं होत नाही. तीन हात नाक्याच्या सिग्नलवर हा सराव करायला जाऊ नका. सोसायटीत नाहीतर सेक्टरच्या आतल्या रस्त्यावर आधी पक्का करा. भीती जात नसेल तर एकदम वर न नेता चार-चार दिवसांनी अर्धा सेंटिमीटर वाढवत जा. साठीपुढच्या मंडळींना आणि बऱ्याच वर्षांनी सायकल हातात घेणाऱ्यांना हाच मार्ग बरा.

*दोन सापळे.* सीटपोस्टवर कमीत कमी किती आत राहिली पाहिजे याची आडवी रेघ असते. ती रेघ बाहेर दिसता कामा नये. रेघ पुसली गेली असेल तर निदान १० सेंटिमीटर आत ठेवा. सीट तेवढ्यावर पुरत नसेल तर लांब सीटपोस्ट घ्यावी लागेल, आणि तिचा व्यास आत्ताच्या सीटपोस्टएवढाच हवा. तो पोस्टवरच कोरलेला असतो: २७.२, ३०.९, ३१.६ असे आकडे दिसतात. पॉइंट दोनचा फरक दुकानात किरकोळ वाटतो, पण पोस्ट एकतर आत जात नाही किंवा रोज खाली घसरते.

दुसरा सापळा आपल्या हवेचा. खाडीकाठची दमट हवा आणि चार महिने पाऊस. ॲल्युमिनियमची पोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये कोरडी राहिली की अशी धरते की पुढे निघतच नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा पोस्ट पूर्ण बाहेर काढा, पुसा, ग्रीसचा पातळ हात द्या आणि टेपच्या खुणेपर्यंत परत घाला. कार्बनला मात्र ग्रीस लावत नाहीत; त्याची वेगळी पेस्ट मिळते.

४. सीट पुढे-मागे

सीटवर बसा आणि दोन्ही क्रँक जमिनीला समांतर आणा. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखाली जो उंचवटा लागतो तिथून ओळंबा सोडा. दोरा पायडलच्या आसावर पडला की सुरुवातीला ठीक. पुढे पडत असेल तर सीट मागे न्या, मागे पडत असेल तर पुढे.

हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही. लांब मांडीच्या माणसाला थोडं मागे बरं वाटतं. पण सुरुवात कुठून तरी करावी लागते आणि दोरा-नटाएवढं स्वस्त साधन दुसरं नाही.

सीट एक सेंटिमीटर मागे नेली की पायडलपासूनचं अंतर सुमारे तीन मिलिमीटर वाढतं. तेवढी सीट खाली घ्या आणि टाचेची परीक्षा परत करा.

हँडल लांब वाटतंय म्हणून सीट पुढे ओढायची, हे मी सर्रास पाहतो. हात सुखावतात आणि गुडघे बिघडतात. सीटची जागा पाय ठरवतात. हातांचं गाऱ्हाणं हँडलकडे न्यायचं.

५. सीटचा कल

पुस्तक सीटवर आडवं ठेवा आणि त्यावर मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप लावा. शून्य अंशावर सुरुवात करा. टोक वर असेल तर नाजूक जागी दाब येतो, बधिरपणा येतो. तो कुणीही सहन करत बसू नये. टोक फार खाली असेल तर तुम्ही सारखे पुढे घसरता, हातांनी स्वतःला मागे ढकलत राहता आणि मग तळहात, खांदे दुखतात. दोन-तीन अंश खाली चालतं, त्यापुढे नको.

सीटखालच्या क्लॅम्पला दोन बाजूंना नट असतील तर दोन्ही थोडे-थोडे, आळीपाळीने आवळा. एकच बाजू आवळली तर आतले दाते नीट बसत नाहीत आणि पहिल्याच खड्ड्यात सीट मागे कलते.

एवढं करूनही बूड दुखत असेल तर सीटची रुंदी बघा. बसण्याची दोन हाडं सीटवर टेकली पाहिजेत. कडक स्टुलावर खोक्याचा पन्हळी पुठ्ठा ठेवून त्यावर दोन मिनिटं थोडं पुढे वाकून बसा, उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांतलं अंतर साधारण १० ते १४ सेंटिमीटर भरतं. सीट त्याहून दोन-तीन सेंटिमीटर रुंद हवी. जेलचं कव्हर इथं कामाला येत नाही: हाडं जेलमध्ये रुततात, जेल मधल्या मऊ भागाकडे सरकतं आणि दाब नको तिथंच वाढतो. पहिल्या दोन आठवड्यांचं थोडं दुखणं मात्र नवखेपणाचं असतं, ते आपसूक जातं. त्या काळात सीट बदलू नका.

६. हँडल: उंची आणि लांबी

हायब्रिडवर हँडल सीटच्या बरोबरीला किंवा किंचित वर असलं की पाठीला बरं. पकडल्यावर कोपर हलका वाकलेला हवा, खांदे कानांपासून लांब हवेत. कोपर ताठ राहत असेल आणि तुम्ही नकळत सीटच्या टोकाकडे सरकत असाल तर हँडल लांब किंवा खाली आहे. वळताना गुडघे हँडलला लागत असतील तर जवळ आहे.

हँडल वर कसं घ्यायचं ते स्टेमवर, म्हणजे हँडल सायकलीला जोडणाऱ्या भागावर अवलंबून.

जुन्या पद्धतीच्या सायकलीत स्टेम ही बगळ्याच्या मानेसारखी वाकडी दांडी असते आणि तिच्या डोक्यावर एकच बोल्ट असतो. तो चार-पाच वेढे सैल करा, वर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने हलकेच ठोका. आतली पाचर सुटते आणि दांडी वर येते. तिच्यावरही मर्यादेची रेघ असते, ती आत राहू द्या.

नव्या सायकलींत स्टेम चिमट्यासारखा नळीला पकडतो आणि त्याच्या वर-खाली स्पेसर म्हणजे कड्या असतात. स्टेमच्या वर कड्या असतील तर त्या खाली घातल्या की हँडल वर येतं. वर कड्या नसतील तर स्टेम उलटा करून बघा. पुष्कळ स्टेम ६-७ अंशांनी वाकलेले असतात. ९० मिमीचा स्टेम उलटल्याने हँडल पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास वर येतं, तेही नवा भाग न घेता. लांबी कमी करायची असेल तर आखूड स्टेम लागतो. एका वेळी १०-२० मिमीच उतरा, कारण स्टेम फार आखूड झाला की हँडल जरा चंचल वाटतं.

इथं पाना लावण्याचा क्रम जिवाच्या गरजेचा आहे. पुढचं चाक जमिनीवर ठेवूनच काम करा, नाहीतर स्टेम काढला की फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) खाली निसटतो. आधी स्टेमच्या मागचे दोन बोल्ट सैल करायचे, मग वरच्या टोपीचा बोल्ट काढायचा. परत बसवताना आधी वरची टोपी, मग हँडल चाकाशी सरळ करायचं आणि शेवटी मागचे दोन बोल्ट आळीपाळीने. टोपीच्या बोल्टचं काम स्टेम धरून ठेवणं हे नाही. आतल्या बेअरिंगमधला खुळखुळा काढण्यापुरताच तो आवळायचा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. खट्-खट् जाणवलं तर मागचे बोल्ट सैल करून टोपी थोडी आवळा. हँडल जड फिरत असेल तर टोपी सैल करा. शेवटी पुढचं चाक दोन पायांत धरून हँडल पिळून बघा. हलता कामा नये.

किती आवळायचं ते स्टेमवर लिहिलेलं असतं, बहुधा ५ न्यूटन-मीटर. टॉर्कचा (आवळण्याचा जोर दाखवणारा) पाना नसेल तर छोट्या एलन कीने, मनगटाच्या ताकदीने. लांब पाईप लावून पिळलं तर आटे जातात. मनात जरा जरी शंका असेल तर एवढा एक टप्पा सायकलवाल्याकडून समोर उभं राहून करून घ्या.

७. ब्रेकचे दांडे

दोन मिनिटांचं काम, आणि बहुतेक जण करतच नाहीत. हँडलवर हात ठेवून बोटं ब्रेकवर न्या. कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेघ यायला हवी. मनगट वर किंवा खाली मोडत असेल तर दांड्याचा क्लॅम्प सैल करून तो फिरवा. दांडा बोटांपासून लांब असेल तर त्याच्या मुळाशी एक बारीक स्क्रू असतो, तो आत घेतला की दांडा जवळ येतो. लहान हातांच्या माणसांनी हे आवर्जून करावं. मग ब्रेक लागताना दांडा हँडलला टेकत नाही ना, ते बघा.

८. चालवून बघणं, एका वेळी एकच बदल

सगळे बदल एका दिवसात करून सकाळी पाम बीच रोडवर जाऊ नका. काय मानवलं आणि काय नाही ते कळणारच नाही. वाशी ते बेलापूर सुमारे १० किलोमीटरचा तो सपाट रस्ता परीक्षेला चांगला आहे, कारण तिथं माणूस बराच वेळ एकाच बैठकीत राहतो आणि हाताचा, बुडाचा बधिरपणा बरोबर उघडा पडतो. पण गाड्या वेगात असतात, म्हणून नव्या उंचीची सवय झाल्यावरच आणि पहाटेच जा. पहिल्या चकरा आतल्या रस्त्यांवर. एलन की खिशात असू द्या. गुडघ्याची परीक्षा चढावर होते: ठाणेकरांना येऊर, नवी मुंबईकरांना खारघरचा डोंगर.

दुखणं आलं तर कुठं आलं ते वहीत लिहा. त्यावरून दिशा कळते.

- गुडघ्याच्या पुढे दुखतं: सीट खाली किंवा फार पुढे आहे. जड गिअरमध्ये रेटायची सवयही असू शकते.
- गुडघ्याच्या मागे दुखतं: सीट वर किंवा फार मागे आहे.
- करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात: तळहाताच्या बाहेरच्या कडेची नस दबतेय. आधी सीटचा कल बघा, मग हँडलची उंची, मग ग्रिप.
- मान आणि खांदे भरून येतात: हँडल लांब किंवा खाली.
- तळपाय जळजळतो: चवडा आसाच्या फार मागे राहिलाय किंवा बूट मऊ आहेत.

बदल पाच मिलिमीटरच्या पावलांनी करा आणि प्रत्येक बदलाला तीन-चार फेऱ्या द्या. घरात एकच सायकल दोघं वापरत असतील तर सीटपोस्टवर दोन रंगांच्या टेप लावा. रोज अंदाजाने वर-खाली करण्यात दोघांचेही गुडघे जातात.

९. फिटिंग करणाऱ्याकडे कधी जायचं

एकाच बाजूला दुखतं, जुनी दुखापत किंवा ऑपरेशन आहे, दोन पायांच्या लांबीत फरक आहे, पायडलला लॉक होणारे बूट घ्यायचे आहेत किंवा महिना-दीड महिना सगळं करूनही बधिरपणा जात नाही, तर पैसे देऊन नीट फिटिंग करून घ्या. गुडघा सुजत असेल तर आधी डॉक्टर. फिटिंगला जाताना रोजचे बूट, रोजची चड्डी आणि ती वही न्या. कुठल्या मापावर काय दुखत होतं हे लिहिलेलं असलं की समोरच्याचा अर्धा तास वाचतो. नवी मापं त्याच्याकडून आकड्यांत लिहून घ्या आणि टेप नव्या जागी लावा. सर्व्हिसिंगहून सायकल परत आली की ती खूण तेवढी बघून घ्या, कारण धुताना किंवा टेम्पोत चढवताना सीट हमखास खाली केलेली असते.